भानूबाय आणि चार नंबरचं कपाट

वाचनालयात नोकरी केली असं सांगितलं की लोक दोन गोष्टी हमखास विचारतात. दिवसभर वाचतच बसत असाल ना? आणि, झोप नाही यायची का? दोन्हींचं उत्तर नाही असं आहे. वाचायला वेळ नसायचा आणि झोपायला जागा. बोईसरच्या आमच्या वाचनालयाला दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत वर्तमानपत्रांची लांब टेबलं, मागच्या खोलीत नऊ लोखंडी कपाटं. मी एकतीस वर्षं तिथे ग्रंथपाल होते. रोज पालघरहून जायचे आणि संध्याकाळी कुलूप लावून परत यायचे.

काम काय असतं ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. तेव्हा आमच्याकडे कॉम्प्युटर आला नव्हता. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी आतल्या बाजूला एक कागदी खिसा चिकटवलेला असे आणि त्यात त्या पुस्तकाचं कार्ड. तुम्ही पुस्तक नेलंत की कार्डावर तुमचा सभासद क्रमांक आणि तारीख लिहून ते मी ठेवून घ्यायचे. पुस्तक परत आलं की कार्ड पुन्हा खिशात. शिवाय प्रत्येक सभासदाचंही एक कार्ड माझ्या ड्रॉवरमध्ये असे आणि त्याने आजवर काय काय नेलं ते त्यावर ओळीने लिहिलेलं असे. म्हणजे गावात कोण काय वाचतो ते मला ठाऊक असायचं. डॉक्टरला जशी लोकांची दुखणी ठाऊक असतात, तसंच. आणि ती दुखणी जशी डॉक्टर बाहेर बोलत नाही, तसंच हेही बोलायचं नसतं. माझ्या आधीच्या ग्रंथपालांनी पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं, "कोण काय वाचतो हे आपल्या तोंडून बाहेर पडायचं नाही. बाप विचारू दे, नाहीतर बायको."

हा नियम मी एकतीस वर्षांत एकदाच मोडला. त्याचीच ही हकीकत.

चार नंबरच्या कपाटात धर्म आणि तत्त्वज्ञान होतं. पोथ्यांवरची निरूपणं, वेगवेगळ्या धर्मांची ओळख करून देणारी पुस्तकं, देव नाहीच असं ठणकावून सांगणारी पुस्तकं, तुरुंगात बसून स्वातंत्र्याचा विचार केलेल्यांची, घरदार सोडून निघालेल्यांची, आणि माणसाने जगायचं तरी कशासाठी हा एकच प्रश्न चारशे पानं विचारणारी. कादंबऱ्यांच्या कपाटाचं दार दिवसातून पन्नास वेळा उघडायचं. याचं आठवड्यातून दोनदा. पण भांडणं मात्र सगळी याच कपाटावरून.

एकदा एका निवृत्त गृहस्थांनी तक्रार केली की नास्तिकांची पुस्तकं संतांच्या पुस्तकांना खेटून ठेवलीत, हे बरं दिसत नाही. वाद नको म्हणून मी नास्तिक खालच्या कप्प्यात हलवले. आठवड्याने दुसरे एक सभासद आले. ते देव न मानणारे. "आमची पुस्तकं पायाशी का?" मी दुसऱ्या दिवशी सगळी पुन्हा एका ओळीत लावली आणि दोघांनाही सांगितलं की वर्गीकरणाचा नियमच तसा आहे. नियम म्हटलं की आपल्याकडे दोन्ही बाजू गप्प होतात. एक सूनबाई या कपाटातली पुस्तकं न्यायच्या आणि घरी न्यायच्या आधी त्यांना पाककृतींच्या पुस्तकाचं कव्हर घालायच्या. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

हरेश हा मुरब्याचा. समुद्रकाठचं कोळ्यांचं गाव, बोईसरहून एसटीने जायचं. बाप तो दहावीत असतानाच आजाराने गेलेला. आई भानूबाय, बोईसरच्या बाजारात मासळी विकायची. पोरगा शिकला आणि कुंभवलीजवळच्या एका केमिकल कारखान्यात ऑपरेटर म्हणून लागला. आमच्याकडे तो यायचा तेव्हा रहस्यकथा न्यायचा. शिफ्ट संपली की यायचा, दोन पुस्तकं उचलायचा, "मॅडम, शेवट सांगू नका हं" म्हणायचा आणि जायचा.

त्याच्याच पाळीत लखमा नावाचा मुलगा होता. मनोरच्याही पलीकडे डोंगराच्या अंगाला एक पाडा आहे, तिथला. दोघांची घट्ट मैत्री. एका सकाळी कारखान्यात टाकी फुटली. हरेश पाच मिनिटांसाठी चहा आणायला बाहेर पडला होता. लखमा आत होता. लखमा गेला.

मुरब्यात भानूबायला बातमी कळली ती अशी की स्फोट झाला आणि हरेश वाचला. तिने त्याच दिवशी गावदेवीची ओटी भरली. पोरगा सुखरूप राहावा म्हणून पूर्वीच बोललेला नवस पुढच्या आठवड्यात फेडला. हरेशच्या हातावर प्रसाद ठेवला तेव्हा तो म्हणाला, "मला वाचवायला तिने लखमाला मारलं का?" प्रसाद त्याने खाली ठेवला आणि उठून गेला. हे मला पुढे भानूबायनेच सांगितलं.

मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. मला एवढंच दिसलं की रहस्यकथांचा वाचक एक दिवस टेबलापाशी येऊन म्हणाला, "मॅडम, देव कुणाला वाचवतो आणि कुणाला नाही, हे कशात दिलंय?"

मी पावत्यांना शिक्के मारत होते. वर न बघता म्हटलं, "चार नंबर."

वर्षभरात त्याने त्या कपाटातली अकरा पुस्तकं वाचली. आधी भाविक पुस्तकं, मग देव नाकारणारी, मग कसलीच बाजू न घेणारी. तो बारीक होत चालला होता. मला वाटलं, वाचक घडतोय. आपल्या धंद्यात हा एक आंधळेपणा असतो, माणूस वाचायला लागला की आपण खूश. तो का वाचतोय हे विचारायचं राहून जातं.

मग तो यायचा बंद झाला.

दीड महिन्याने एका गुरुवारी एक बाई आली. पन्नाशीची, काळीसावळी, कमरेला घट्ट खोचलेलं लुगडं, कानात सोन्याच्या जड कुड्या. दारात थबकून तिने आधी खोलीभर नजर फिरवली, मग सरळ माझ्यापाशी आली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. त्याबरोबर सुक्या बोंबलांचा वास खोलीभर पसरला.

"ह्ये तुमचं हाय ना? शिक्का हाय तुमचा म्हनून आनलं. त्याच्या गादीखाली व्हतं."

पुस्तक हरेशच्या नावावर होतं. अकरावं.

"हरेश कुठे आहे?"

"म्हाईत नाय. नोकरी सोडली. चिठ्ठी ठेवून गेला. मी बरा हाय, शोधू नको, रडू नको. फोन लावला तर लागत नाय." मग तिने बोटाने पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "ह्येच वाचून गेला का तो?"

मी म्हटलं, पुस्तक वाचून कुणी घर सोडत नाही. खरं तर याची मला खात्री नव्हती.

"अशी किती वाचली यानं? कंची कंची?"

"ते सांगता येत नाही हो. नियम आहे."

"मी आय हाय त्याची."

"आईलाही नाही."

ती बाकावर बसली. भांडली नाही, रडली नाही. दहा मिनिटांनी उठून आली आणि म्हणाली, "बाई, तो माज्याशी बोलत व्हता तवर मला सगलं म्हाईत व्हतं त्याच्या डोक्यातलं. मंग तो माज्याशी बोलायचा बंद झाला आन् यांच्याशी बोलाया लागला. तर यांनी त्याला काय सांगितलं ते मला बघायचंय. मला चवथीपावत वाचता येतं."

मी ड्रॉवर उघडला आणि हरेशचं कार्ड काढलं. बरोबर केलं की चूक, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. त्याच संध्याकाळी मी तिला सभासद करून घेतलं आणि यादीतलं पहिलं पुस्तक तिच्या हातात दिलं.

भानूबायचा वार गुरुवार. त्या दिवशी बोईसरात निम्मे लोक मासळी खात नाहीत, त्यामुळे टोपली लवकर बाजूला ठेवता येते. चारला ती यायची, पुढच्या खोलीत पंख्याखाली बसायची आणि सहाच्या एसटीपर्यंत वाचायची. बोट ओळीवर, ओठ हलताहेत, जोडाक्षर आलं की कपाळाला आठी. पंधरा दिवसांची मुदत मी तिला प्रत्येक पुस्तकाला दोनदा वाढवून द्यायचे.

तिसऱ्या महिन्यात तक्रार आली. एका सभासदाने चिटणीसांना लिहून दिलं की अध्यात्माच्या ग्रंथाला मासळीचा वास येतो. चिटणीस मला म्हणाले, "त्या बाईला काही दुसरं देता नाही का येणार? मासिकं वगैरे?" मी म्हटलं, "वास येतो हे खरं आहे, पण पानं सगळी शाबूत आहेत. तक्रार केलेल्या सभासदांनी गेल्या वर्षी ज्ञानकोशातून दोन पानं कापून नेली होती, ती आधी आणायला सांगा." तक्रार तिथेच मिटली. भानूबायच्या कानावर कुठून तरी गेलंच. त्यानंतर ती नळावर साबणाने हात धुऊन यायची आणि शाळेतल्या मुलीसारखे दोन्ही तळवे मला दाखवायची. मला लाज वाटायची. एकदा म्हटलं, नका हो दाखवू. तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. ग्रंथ हाय."

आणि तिची मतं! पुस्तक परत करताना ती टेबलापाशी उभी राहून निकाल द्यायची. एका जाडजूड निरूपणाबद्दल म्हणाली, "ह्यो एका गोष्टीला चार पानं लावतो. बाजारात बसवला तर याची मासली सडंल." सत्याच्या शोधात घरदार सोडून निघालेल्या एका माणसाचं आत्मकथन होतं, सुंदर भाषेतलं. ते तिने दोन आठवड्यांत संपवलं आणि विचारलं, "याच्या मागं घर कोन चालवत व्हतं? बायको, पोरं, म्हातारी? ते कुठंच लिवलं नाय." मी पुस्तक चाळून पाहिलं. खरंच कुठे नव्हतं. तुरुंगातल्या एकाचं स्वातंत्र्यावरचं पुस्तक मात्र तिला आवडलं. कोठडीच्या गजातून त्याला एक झाड दिसायचं, त्यावर त्याने बरंच लिहिलं होतं. "ह्याला जाता येत नाय म्हनून येवढं दिसतंय," ती म्हणाली. "माजा पोरगा चालता-फिरता व्हता, त्याला समोरची मी पन दिसली नाय."

एकदा सहज म्हणाली, "बाई, तुमी या कपाटातलं किती वाचलंत?"

मी हिशेब केला. चार नंबरमध्ये तेव्हा साडेतीनशेवर पुस्तकं होती. प्रत्येकाला क्रमांक मी दिला होता, खिसा मी चिकटवला होता, दर दिवाळीला धूळ मी पुसत होते. "एक," मी म्हटलं. मग खरं सांगितलं, "आणि एक अर्धं."

ती हसली नाही. "तुमाला गरज पडली नसंल," म्हणाली. मला ते आशीर्वादासारखंही लागलं आणि चापटीसारखंही.

असे आठ महिने गेले. ती सात पुस्तकांपर्यंत आली होती. आणि एका मंगळवारी सकाळी हरेश माझ्यासमोर उभा राहिला.

मी आधी ओळखलंच नाही. रापलेला, नखांत माती, पण डोळे स्वच्छ. म्हणाला, "मॅडम, माझं नाव काढून टाकलं नाही ना? मला लहान मुलांची पुस्तकं हवी होती. मोठ्या अक्षरांची."

"कुठे आहेस तू?"

तो लखमाच्या घरी होता. वर्षभर स्वतःजवळच राहिलेले लखमाचे कपडे आणि पेटी पोचवायला पाड्यावर गेला होता, तो तिथेच राहिला. लखमाचे वडील थकलेले, भाताचं थोडं रान, ते करायला कुणी नव्हतं. याने लावणी केली, कापणी केली. कोळ्याच्या पोराने आयुष्यात पहिल्यांदा नांगर धरला. संध्याकाळी पाड्यावरच्या मुलांना शिकवायचा. "लखमाची आई मला काही विचारत नाही," तो म्हणाला. "तो कसा गेला, मी कुठे होतो, काहीच नाही. नुसतं जेव म्हणते."

मी म्हटलं, "आईला एकदा तरी भेट."

"भेटेन. आत्ता नको. तुम्ही पण सांगू नका. ती आली तर मला चल म्हणेल, आणि मी जाईन."

मी कबूल केलं. मुलांची पुस्तकं काढून देत होते, तेवढ्यात तो सवयीने चार नंबरपाशी गेला. थोड्या वेळाने त्याचा आवाज आला, "मॅडम, माझ्या मागोमाग कुणीतरी वाचतंय."

त्याने एकेक पुस्तक काढून खिशातलं कार्ड पाहिलं होतं. त्याच्या क्रमांकाखाली प्रत्येक कार्डावर एकच क्रमांक, त्याच क्रमाने. तो चौथं पुस्तक चाळत होता. पानांच्या बेचक्यात काहीतरी चमकलं. ते त्याने नखाने उचलून उजेडात धरलं. माशाचं खवलं होतं.

ते त्याने पुन्हा त्याच पानात ठेवलं. मग माझ्याकडे वळला तेव्हा त्याचा चेहरा लाल झाला होता. "तुम्ही माझं कार्ड आईला दाखवलंत?"

"हो."

"तुम्हाला काय अधिकार होता?"

"नव्हता," मी म्हटलं.

त्याला वाटलं असावं की मी काही सबब सांगेन. ती आली नाही तेव्हा तो तिथेच स्टुलावर बसला. "तिला चौथीपर्यंतचं येतं फक्त," तो स्वतःशीच म्हणाला. मग, "कुठपर्यंत आलीय?"

"सात झाली."

"आठवं देऊ नका. मॅडम, खरंच देऊ नका. ते वाचून मी पंधरा दिवस धड जेवलो नव्हतो. कशालाच काही अर्थ नाही असं लिहिलंय त्यात, आणि इतकं चांगलं लिहिलंय की उत्तर सुचत नाही."

तो गेल्यावर मी ते आठवं पुस्तक कपाटातून काढून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. ग्रंथपालाने करू नये असं हे दुसरं काम. कुठल्या माणसाला कुठलं पुस्तक झेपेल हे ठरवणारे आपण कोण?

गुरुवारी भानूबाय आली, तळवे दाखवले, आठवं मागितलं.

"ते बाइंडिंगला गेलंय," मी म्हटलं.

"बाइंडिंगवाला गावाला गेलाय. आत्ता त्या मास्तरांना तुमीच बोललात, म्हैनाभर काय काम व्हनार नाय."

मी ड्रॉवरच्या कडीशी चाळा करत बसले. ती हळू आवाजात म्हणाली, "ह्ये देऊ नका म्हनून कोनी सांगितलं तुमाला? ह्ये पुस्तक कसं हाय ते ज्यानं वाचलं त्यालाच म्हाईत." आणि मग, "आला व्हता तो."

"आला होता. बरा आहे."

"कुठं हाय?"

"मी त्याला शब्द दिलाय, भानूबाय."

तिचा आवाज एकदम चढला. पुढच्या खोलीतली सगळी वर्तमानपत्रं खाली झाली. "त्याचं कार्ड मला दावलंत तवा कुठं गेला व्हता तुमचा शबूद? तवा माजी दया आली, आता त्याची आली! आमी दोघं काय तुमच्या कपाटातली पुस्तकं हाव, एकदा इथं ठेवली, मंग तिथं ठेवली?"

एकतीस वर्षांत मला इतकं खरं कुणी बोललं नाही. मी ड्रॉवर उघडून पुस्तक तिच्यापुढे ठेवलं. ती ते घेऊन वळली, दोन पावलं गेली आणि थांबली.

"जेवतो का?"

"जेवतो. एक बाई त्याला वाढते."

"कोन बाई?"

"तुमच्याच वयाची आहे. तिचा मुलगा गेलाय."

मी शब्द पाळला की मोडला, हे ज्याचं त्याने ठरवावं. भानूबायने पदर तोंडाशी नेला आणि निघून गेली.

तीन गुरुवार ती आली नाही. मला वाटलं पाड्यावर गेली असेल आणि मुलाला घेऊन आली असेल. चौथ्या गुरुवारी आली ती एकटीच. पुस्तक टेबलावर ठेवलं.

"वाचलं सगलं. लिवनारा खोटं बोलत नाय. पन त्याला कोनी जेवाया वाढत नसंल."

मग तिने बाक ओढला आणि माझ्यासमोर बसली. एरवी ती टेबलापाशी कधी बसत नसे.

"बाई, एक सांगू? लखम्या माज्या घरी किती येला जेवला असंल. बोंबील आवडायचे त्याला. तो गेला त्या दिवशी मी देवीपुढं उभी राहून म्हनली, माजा वाचला, तुजे उपकार. येवढंच म्हनली. त्याच्या आयचं नाव पन माज्या मनात आलं नाय. ती माज्या पोराला वर्सभर पोसते, आन् मी तिच्या दारात एकदा पन गेली नाय. पोरगा मला तेच सांगत व्हता. मी समजली, तो देवीला बोलतोय." मग म्हणाली, "ह्ये तुमच्या कुठल्या पुस्तकात नाय. पन ही वाचली नसती तर मी येवढा येल एका जागी बसून इचार केला नसता."

"जाणार आहात?"

"जायचंय. पन त्याला आनाया नाय. तिला भेटाया. तुमी येता का संगं? मला एकटीला तोंड नाय."

रविवारी आम्ही गेलो. बोईसरहून मनोरला बस, तिथून पुढे एका टेम्पोत माणसांबरोबर कोंबड्या आणि खताची पोती, आणि शेवटचा अर्धा तास चढ पायी. भानूबायच्या डोक्यावर पिशवी होती, सुके बोंबील, सुकट, एक नवं लुगडं. समुद्रकाठची बाई, चढ तिला झेपत नव्हता, पण पिशवी मला घेऊ दिली नाही. वाटेत पाच वेळा मला सांगितलं ती तिथे काय बोलणार आहे. प्रत्येक वेळी वेगळं.

कुडाचं घर होतं, शेणाने सारवलेलं अंगण. लखमाची आई बुधीबाय उन्हात नाचणी पाखडत बसली होती. बारीक, ठेंगणी बाई. तिने वर पाहिलं आणि सूप खाली ठेवलं. ओळख सांगावी लागली नाही. हरेशचं नाक, हरेशचं कपाळ.

आणि भरबाजारात दहा बायकांचा आवाज ऐकू येणार नाही इतक्या मोठ्याने बोलणारी भानूबाय तिथे नुसती उभी राहिली. पाठ केलेलं एकही वाक्य तिला आठवलं नाही. मग कसंबसं म्हणाली, "मी आधीच याया पायजे व्हती."

बुधीबायने तिच्या डोक्यावरची पिशवी आपल्या हाताने उतरवली. म्हणाली, "वाट लांब हाय. ये, बस."

मग दोघी रडल्या. मी घराच्या मागे जाऊन उभी राहिले. तिथून खाली रान दिसत होतं आणि बांधावरून हरेश वर येत होता, डोक्यावर लाकडांची मोळी. अंगणात आईला पाहून तो थांबला, मोळी टाकली, आणि पळत आला नाही, चालतच आला. भानूबायने त्याला चल म्हटलं नाही. त्याचे हात उलटे करून पाहिले आणि म्हणाली, "फोड आलेत." दुपारी सगळे एकत्र जेवलो. बोंबील भाजताना बुधीबाय म्हणाली की लखमा सांगायचा याची चव, आज कळली.

हरेश पुढचा पावसाळाही तिथेच राहिला. मग त्याने पालघरला दुसरी नोकरी धरली, आता दर रविवारी पाड्यावर जातो आणि दर शनिवारी मुरब्याला. देवळात तो आजही जात नाही. भानूबायही ओटी भरायची सोडत नाही, फक्त आता दोन भरते, एक बुधीबायच्या नावाने. याबद्दल त्यांचे वाद होतात. त्यात दोघंही पुस्तकांचे दाखले देतात आणि दोघंही चुकीचे देतात, असं हरेशनेच मला हसत सांगितलं. माझ्यावरचा त्याचा राग गेला का? पूर्ण नाही. भेटला की नीट बोलतो, पण वाचनालयाचं सभासदत्व त्याने पुढे चालू ठेवलं नाही. ते मला लागतं, आणि लागायलाच हवं.

मी निवृत्त झाले त्याला आता चार वर्षं झाली. पुढच्या खोलीत हल्ली स्पर्धा परीक्षांची मुलं बसतात. कार्डं गेली. पुस्तक आधी कुणी नेलं ते आता कॉम्प्युटरला माहीत असतं आणि तो कुणाला सांगत नाही. माझ्यापेक्षा चांगला ग्रंथपाल म्हणायचा. पण जुन्या पुस्तकांचे रिकामे खिसे दिसले की मला वाईट वाटतं.

भानूबायने ती यादी पुरी केली. डोंगरावरून आल्यावरही ती दर गुरुवारी येत राहिली, नववं, दहावं, अकरावं. मुलगा सापडला होता, आता वाचायची तशी गरज नव्हती. मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, "मदीच कशी सोडू?"

अकरावं तिने परत केलं तो दिवस मला नीट आठवतो. मी कार्ड खिशात घातलं, हरेशचं कार्ड तिच्यासमोरच ड्रॉवरच्या तळाशी ठेवलं आणि म्हटलं, "झालं, भानूबाय. संपली यादी."

ती उठली नाही. टेबलाच्या कडेवर बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "त्याचं झालं. आता माजं द्या."

"तुमचं म्हणजे कुठलं?"

"ते मला काय म्हाईत? मी माजं कदी बघितलंच नाय."

"कुठल्या विषयावरचं हवं? देवाधर्माचं? गोष्टींचं?"

"मीच बघते," असं म्हणून ती मागच्या खोलीत गेली. मी तिच्यामागे गेले नाही. एक नंबरपासून तिने सुरुवात केली. प्रत्येक पुस्तक बोटाने थोडं बाहेर ओढायची, नाव ओठांनी जुळवायची, पुन्हा आत ढकलायची. मी घड्याळाकडे पाहिलं. सहाची मुरब्याची एसटी सुटून गेली होती आणि ती अजून तिसऱ्या कपाटापाशीच होती.